मदत हवी आहे: गावच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून लिहितोय. आमच्याकडे माघातल्या जत्रेला शिडाच्या होड्यांची शर्यत असते. वडिलांच्या लहानपणी घरटी शिडाची होडी होती. मग इंजिनं आली आणि आता शीड नीट बांधता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ही शर्यत आहे म्हणून सात-आठ होड्या अजून शीड राखून आहेत. ती बंद पडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून विचारतोय.

गेल्या वर्षी शर्यत सकाळी आठला सुटायची होती. पाहुण्यांना उशीर झाला आणि ती साडेअकराला सुटली. आठला भरती पूर्ण होती, जमिनीवरून येणारा मतलई वारा पडत आला होता, पाणी तेलासारखं. साडेअकराला ओहोटी जोरात आणि वायव्येचा, समुद्रावरून येणारा खारा वारा भरलेला. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. पाणी बाहेर चाललंय आणि वारा समोरून आत येतोय, अशा वेळी तिथे लाट उभी राहते आणि फुटते. हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. तरी वळणाचा बोया (पाण्यावर तरंगती खूण) आठच्या हिशेबाने टाकला होता तिथेच राहिला, दांड्याच्या अगदी जवळ.

तिसरी होडी बोयाला वळसा घालताना आडवी पडली. चौघे पाण्यात. तीन मोठी माणसं उलट्या होडीला धरून राहिली. चौथा तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्याचा, भाचा, सोळा वर्षांचा, तो ओहोटीबरोबर दांड्याकडे निघाला. शर्यत भरवणाऱ्या आमच्या मंडळाची एकच इंजिनाची होडी होती आणि ती फोटोसाठी पाहुण्यांना घेऊन पहिल्या होडीमागे गेली होती. मी धक्क्यावर माईक धरून उभा. पोराचं डोकं दिसत होतं, मध्येच दिसेनासं होत होतं. मी माईकवर होडीवाल्याच्या नावाने ओरडत होतो, पण त्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. शेवटी जाळं काढून परतणाऱ्या गावातल्याच एका भावाने पोराला वर ओढलं. वीसेक मिनिटं गेली असतील. पोरगा वाचला. होडी सरळ केली तेव्हा चारही लाईफ जॅकेट नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, एकत्र बांधलेली सापडली, वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती.

त्याच गोंधळात दुसऱ्या दोन होड्या एकमेकींवर गेल्या आणि एकीची डोलकाठी मोडली. तिचा मालक आजही मंडळाकडे भरपाई मागतोय.

यंदाच्या बैठकीत कोणीतरी हमीपत्राचा नमुना आणला: ‘जीवितहानी झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ सगळ्यांचं म्हणणं, सह्या घेतल्या की आपण मोकळे. मी सचिव आहे. बंदर खात्याचा आणि पोलिसांचा अर्ज माझ्या सहीने जातो. मला तो कागद वाचून झोप लागली नाही.

तर विचारायचं हे, की असं हमीपत्र कोर्टात टिकतं का? काही झालंच तर गुन्हा मंडळावर की माझ्यावर? डोलकाठीचे पैसे कोणी द्यायचे? आणि शर्यत थांबवा म्हणायचा अधिकार नक्की कोणाचा? गेल्या वर्षी साडेअकराला ‘आज नको’ असं मला वाटलं होतं. मी बोललो नाही.

कोर्टकचेरी

दादा, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. माझी वकिली सावंतवाडीकडची, अपघात दाव्यांची कामं करते. तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि अर्ज देण्याआधी जवळच्या वकिलाला दाखवा.

हमीपत्र अगदीच कुचकामी नसतं. दर्यात उतरण्याचे अंगभूत धोके समोरच्याला सांगितले होते आणि त्याने ते समजून पत्करले, एवढं त्यातून दाखवता येतं. वारा अचानक फिरला, होडी उलटली, तर हा धोका त्याने पत्करलेला. पण बचावाची होडी फोटोला पाठवणं हा दर्याचा धोका नाही, ती आयोजकाची हयगय. ती कागदावर सही घेऊन धुऊन निघेल असं समजू नका. सार्वजनिक हिताविरुद्धच्या कराराला भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 23 आड येतं. फौजदारीत तर अशा कागदाने गुन्हा पुसलाच जात नाही. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मृत्यू झाला नाही तरी दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल कलम 125 आहे.

सोळा वर्षांच्या मुलाची सही म्हणजे कायद्याने काहीच नाही, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीचा करार मुळातच रद्द. पालकांची संमती जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. 1995 साली पंजाबात बियास नदीवर शाळेच्या सहलीत 14 मुलं बुडाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2001 मध्ये प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम झाली. मुलांना पाण्यापाशी नेणाऱ्याकडून न्यायालय किती काळजीची अपेक्षा करतं, ते त्या निकालात वाचायला मिळतं.

मंडळ नोंदणीकृत आहे का, हे आधी कळवा. नोंदणी नसेल तर कायद्याच्या नजरेत ‘मंडळ’ अशी वेगळी व्यक्तीच नाही आणि दावा थेट पदाधिकाऱ्यांवर येतो. नोंदणी असेल तर दिवाणी दाव्यात थोडा आडोसा मिळतो, पण स्वतःच्या हयगयीचा गुन्हा ज्याचा त्याच्यावरच. विमा घेणार असाल तर पाण्यावरची स्पर्धा त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

डोलकाठीबद्दल एक जुना दाखला आहे. 1894 मध्ये स्कॉटलंडच्या क्लाईड खाडीत शर्यतीआधी ‘सॅटनिटा’ नावाची नौका ‘वल्कायरी’वर आदळली आणि ‘वल्कायरी’ बुडाली. 1897 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की, एकाच नियमावलीवर सह्या करून उतरलेल्या स्पर्धकांचा आपापसातही करार होतो, आणि नियमात ‘सर्व नुकसान’ भरायचं लिहिलं असेल तर चूक करणाऱ्याने ते सगळं भरायचं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण मार्ग दाखवतो. प्रवेशअर्जातच लिहा: वाट कोणी द्यायची, धडक झाली तर कोणी भरायचं, आणि गावातले कोणते तिघे ते ठरवणार. गेल्या वर्षी लेखी काहीच नसेल तर दोन्ही तांडेलांना समोरासमोर बसवून मिटवा, दाव्याचा खर्च काठीपेक्षा जास्त होईल.

हवेचा कल

मी मुंबईत बारा वर्षं डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवली, आता शर्यत समितीत काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या मते तोच मुख्य आहे.

जगभर वापरल्या जाणाऱ्या शर्यतीच्या नियमांत, आज तिसऱ्या क्रमांकावर, असा नियम आहे की शर्यतीत उतरायचं की नाही आणि चालू ठेवायची की नाही, हा निर्णय एकट्या त्या होडीचा. बऱ्याच आयोजकांना वाटतं, झालं, आपण सुटलो. 1998 च्या ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट शर्यतीत 115 नौका निघाल्या, 44 पोचल्या, सहा जण गेले, 55 जणांना वाचवून आणावं लागलं. तिथेही हाच नियम होता. तरी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनर या अधिकाऱ्याने ठपका ठेवला की आयोजक क्लबने शर्यत सांभाळण्याची जबाबदारी सोडून दिली होती. पुढे तिथे पद्धत आली की ग्रीन केप हे भूशिर ओलांडून बास सामुद्रधुनीत शिरण्याआधी प्रत्येक नौकेने रेडिओवर सांगायचं, होडी आणि माणसं पुढे जायला ठीक आहेत.

तेव्हा तांडेलाचा निर्णय तांडेलाचा, पण शर्यत सुरू करायची की नाही हा समितीचा. नियम समितीला सुटण्याआधी कोणत्याही कारणाने शर्यत पुढे ढकलू देतात आणि सुटल्यावर सुरक्षेसाठी रद्द करू देतात. तुम्ही एकच माणूस नेमा, लेखी. जत्रेच्या पाहुण्यांशी त्याचा संबंध नको, हातात माईकही नको. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा लागला की शर्यत पुढे ढकलली, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा लागला की रद्द. पिवळ्या-लाल तिरप्या पट्ट्यांचा म्हणजे जॅकेट अंगात हवं. तुमच्याकडे तर ते सुटण्याआधी धक्क्यावरच तपासा, बंद ओढून बघा.

इंजिनाच्या होड्या दोन तरी ठेवा. त्यातली एक वाळूच्या दांड्याच्या आतल्या अंगाला, कारण वाहून जाणारा माणूस तिकडेच जाणार. प्रत्येकीत पोहणारा एक, वॉकीटॉकी एक, पाहुणा एकही नाही. आधी माणसं मोजून उचला, होडी मागाहून. माणसाजवळ पोचताना इंजिन न्यूट्रलवर, पंख्याने पाय गेलेले मी पाहिलेत. उतरताना आणि परतल्यावर प्रत्येकाची वहीत सही घ्या, म्हणजे पाण्यात कोण राहिलं ते लगेच कळतं. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

खाडीकाठ

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. मंडळाची नोंदणी नाही, आजच कळलं. त्या कामाला लागतोय.

शर्यत थांबवायला आमच्या गावचे एक म्हातारे तांडेल तयार झालेत. वय पंच्याहत्तर, पण दांड्यावरचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांनी एकच अट घातली, की त्यांनी नाही म्हटल्यावर कोणी फोन करून गळ घालायची नाही. ती अट बैठकीत ठराव करून लिहून घेतली. बोया आत, जेटीच्या समोर येईल. सुटायची वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरेल.

आता अडलंय ते एवढंच. दोन इंजिनाच्या होड्या मिळतील, पण त्यांचा परवाना मासेमारीचा आहे. बचावासाठी त्या उभ्या करायच्या तर बंदर खात्याची वेगळी परवानगी लागते का? कोणी असा अर्ज केला असेल तर त्यात काय काय लिहिलं होतं, कृपया सांगा. बैठक येत्या रविवारी आहे.