सर्व्हर सिक्युरिटी शिकायला लिनक्सचं सेंटओएस ६ धरू की नवीन उबुंटू?

निपाणीकर०७
लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅम. क्लासच्या नोट्स सगळ्या सेंटओएस ६ वरच्या. जुन्यात भोकं (सुरक्षेतल्या त्रुटी) जास्त, म्हणून शिकायला तेच बरं असं सांगतात. पण यम (सेंटओएसवर पॅकेजं म्हणजे सॉफ्टवेअर उतरवायची कमांड) काही केल्या चालत नाही. नवीन घ्यावं तर नोट्स जुळत नाहीत. काय करावं ओ?

खानापूर रूट
यम चालणार कसं? सेंटओएस ६ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२० ला संपला, ७ चा ३० जून २०२४ ला. जुनी पॅकेजं व्हॉल्ट (जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या) सर्व्हरवर आहेत. रेपो फाइलीत (पॅकेजं कुठून घ्यायची ते तिथं असतं) मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएलला तो पत्ता दिला की ७ तरी हलतं. पण मिळणार ते त्या तारखेपर्यंतचंच. सर्व्हर राखायचा म्हणजे अर्धं काम पॅच (दुरुस्त्या) लावायचं, आणि इथं लावायला पॅचच नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन मशीन करा. राखायला उबुंटू सर्व्हर २४.०४: २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, नेटवर्क कार्डं दोन (अपडेटसाठी इंटरनेट देणारं नॅट, आतल्या कामाला लॅपटॉपपुरतंच असणारं होस्ट-ओन्ली). फोडायला मेटास्प्लॉइटेबल २, त्याला ५१२ एमबी पुरते. उबुंटू ८.०४ वर मुद्दाम भोकं ठेवून बनवलंय ते. त्याला कार्ड एकच, होस्ट-ओन्ली. ब्रिज केलंत, म्हणजे थेट घरच्या नेटवर्कला जोडलंत, तर ते घरच्या वायफायवर येऊन बसतं, आणि त्याचं युजरनेम-पासवर्ड जगाला पाठ आहे.

नोट्स टाकू नका. सर्व्हिस आणि चेककॉन्फिग या कमांड दिसल्या की त्यांच्या जागी सिस्टिमसीटीएल समजा, आयपीटेबल्सच्या जागी सुरुवातीला यूएफडब्ल्यू (सोपं फायरवॉल) चालेल. मात्र ते चालू करण्याआधी एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर.

२४.०४ वर दोन ठिकाणी हमखास अडतं. पोर्ट २२ बदलून एसएसएच रीस्टार्ट केलं तरी जुनाच पोर्ट ऐकत बसतो, कारण पोर्ट आता सिस्टिमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सॉकेट धरून असतं. आधी डीमन-रीलोड, मग एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट. दुसरं, पासवर्ड लॉगिन 'नो' केलं तरी पासवर्ड चालतोच. एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरात ५० आकड्याची क्लाउड-इनिटची फाइल बघा, तिथं 'यस' असेल. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये पहिली ओळ जिंकते. एका फायलीत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. सुडो लावून एसएसएचडी मायनस कॅपिटल टी चालवा, सगळ्या फायली मिळून शेवटी काय लागू होतं ते तेच दाखवतं. हे होईपर्यंत जुनं सेशन बंद करायचं नाही.

चिकोडी टर्मिनल
सगळं पटलं, पण जुनं एकदा हाताळायलाच पाहिजे. सेंटओएसची जुनी मशीन अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहेत आणि नवख्याला पहिलं काम तीच हलवायचं मिळतं. नवीन मशीनवरून ६ ला एसएसएच केलंत की होस्ट-कीचा (सर्व्हरची ओळख पटवणारी की) प्रकार जुळत नाही म्हणून तोंडावर दार. त्यात ओपनएसएसएच (एसएसएचचं सॉफ्टवेअर) ५.३, आणि ८.८ पासून शा-१ (जुनी, कमकुवत हॅश पद्धत) वालं आरएसए मुळातच बंद केलंय. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये होस्टकीअल्गोरिदम्सला प्लस एसएसएच-आरएसए द्या, पण त्या एका होस्टखालीच. स्टारखाली टाकलंत तर सगळीकडं दार उघडं.

अथणी पॅच
'जुनं म्हणजे भोकाचं' हा हिशोबही सरळ नाही. जुलै २०२४ चं रिग्रेशन भोक ओपनएसएसएच ८.५ ते ९.७ मधलं, सेंटओएस ७ च्या ७.४ मध्ये ते नव्हतंच. उलट उबुंटू २२.०४ पॅच लावल्यावरही ८.९ च दाखवतं, कारण दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणून बसवतात. स्कॅनर नुसता आकडा बघून बोंब मारतो. एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर काढा आणि त्यात सीव्हीई २०२४-६३८७ (त्याच रिग्रेशन भोकाचा नंबर) शोधा. सापडलं तर भोक बुजलंय.

निपाणीकर०७
म्हणजे २४.०४ पक्कं. आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) अडीच जीबीच्या वर आहे, गावात रेंज नाही. मित्राकडनं पेन ड्राइव्हवर आणलं तर चालेल की?

खानापूर रूट
चालेल की. फक्त शा-२५६ (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवून घ्या. विंडोजवर सर्टयूटिल मायनस हॅशफाइल, पुढं फाइलीचं नाव, शेवटी शा२५६ (मधे डॅश न देता). आलेला आकडा उबुंटूच्या साइटवरच्या यादीशी ताडा. तेवढ्याला मोबाइलचा डेटा पुरतो. यादीही मित्राच्याच पेन ड्राइव्हवरची घेतलीत तर ताडून काही उपयोग नाही.