अनुभव धागा : ‘आता आमचं काय राहिलंय’ म्हणून झाल्यावर

पारावरची :
हे वाक्य आपल्याकडे चाळिशीपासूनच ऐकू यायला लागतं. नवरा गेला, मूल झालं नाही, नोकरी सुटली, गुडघे कुरकुरले, की माणूस आपणच जाहीर करून टाकतो आणि भोवतालचे माना डोलावतात. मला उलटे अनुभव हवे आहेत. सुखाचं खातं बंद केलं होतं आणि ते परत उघडावं लागलं, असे. स्वतःचे किंवा अगदी जवळून पाहिलेले. ‘सकारात्मक राहा’ छापाचे फॉरवर्ड नकोत, ते घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येतात. म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

कृष्णाकाठ :
मी शिरोळ तालुक्यातली. हेरवाड आमच्यापासून लांब नाही. मालक गेले तेव्हा मी अडतीसची. बांगड्या फोडायला ज्या बसल्या, त्या माझ्याच बरोबर भांगलायला येणाऱ्या बायका. त्यातली एक रडत होती आणि फोडतही होती. पुढं संक्रांत आली की मी गोठ्यात काम काढून बसायचे. कुणी नको म्हणायच्या आधी आपणच जायचं नाही, म्हणजे लागत नाही.

मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, ते हे साल. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून कळवलं. टीव्हीवर बघून सगळ्या म्हणाल्या, बरं झालं. मला मात्र राग आला. माझ्या वेळेला कुठं होता हा ठराव?

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या सुनेनं बोलावणं केलं. गुडघा दुखतोय म्हणून मी सांगितलं. संध्याकाळी पोरगी वाण घेऊन घरीच आली. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आणलं आणि थांबली. ‘लावू का, काकी?’ म्हणाली. पुसताना कुणी विचारलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी गेले. दोघी जणी उठून गेल्या. गेल्या तर गेल्या. उखाण्याचा आग्रह झाला आणि मी घेतला, मालकांचं नाव घालून. तोवर त्यांचं नाव मोठ्यानं उच्चारायचं निमित्तच राहिलं नव्हतं. हिरव्या बांगड्या अजून घालत नाही, हाताची सवय गेली. पण बचत गटाची सहल निघाली की यादीत पहिलं नाव माझं असतं.

अर्धा कप :
ताई, तो उखाणा लिहा की इथं!

कृष्णाकाठ :
नाही लिहिणार. तो माझा आहे.

दुपारपाळी :
आमचं मुलाचं. उपचार थांबवले तेव्हा बायको ४४ ची, मी ४८ चा. दत्तक घ्यायचं ठरवलं, पण डोळ्यांपुढे तान्हं बाळच. नोंदणी करताना कळलं की नवराबायकोच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या वर चालत नाही, दोन ते चारसाठी ९०. आमची ९२. म्हणजे चार वर्षांच्या पुढचंच मूल. बायको म्हणाली, पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं हुकलंच की. अर्ज बरेच दिवस तसाच पडून होता. शेवटी तिनंच भरला, ‘बघू’ म्हणून.

मुलगी आली ती सहा वर्षांची. सुरुवात अवघड गेली, ते लपवत नाही. पोळ्या उशीखाली ठेवायची. मला ‘ओ’ आणि हिला ‘बाई’. पण आल्यावर थोड्याच दिवसांत तिचा पुढचा दुधाचा दात पडला, आणि त्या जागी नवा आला तो आमच्या घरात. बायकोनं अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. दाताचे पेढे, हो. शेजारचे अजून चिडवतात.

‘बाबा’ फार उशिरा म्हणाली. तेही शाळेच्या फाटकात, मैत्रिणींना ऐकू जाईल अशा बेतानं.

तिखटमीठ :
मी विरोधात लिहिते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा राहत नाही. आता तेवीसचा आहे. ‘पुढं चांगलं होईल’ हे तो लहान असल्यापासून ऐकतेय. त्या पुढच्यापायी आम्ही कुठंकुठं फिरलो, काय काय नवस बोललो, विचारू नका. वाट बघणं सोडलं तेव्हा घरात हसू आलं. आता चार वाजता गॅलरीत त्याची खुर्ची लावते, खाली पोरं क्रिकेट खेळतात आणि हा आऊट झालेल्याला ओरडून हसतो. याहून मोठं सुख मला नको आहे. आणि ‘ताई, मन मोकळं ठेवा’ असं कुणी लिहू नका.

पारावरची :
नाही लिहिणार. पण हे चार वाजताचं सुख आधी तुमच्या यादीत होतं का?

तिखटमीठ :
यादी करायला वेळ कुठं होता!

निवृत्त पण व्यस्त :
वय ६८. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका बाईंशी ओळख झाली, त्याही एकट्या. एकत्र राहायचा विचार मुलीला सांगितला तर म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला इथं काय कमी आहे?’ कमी काहीच नव्हतं, आणि तेच तिला समजावता येईना.

बाकी नाजूक भाग सोडतो, व्यवहाराचं लिहितो, कारण ते कुणी सांगत नाही. पुनर्विवाह केला तर त्यांना नवऱ्यामागं मिळणारी ईपीएफची विधवा पेन्शन बंद होते. रक्कम लहान आहे, पण त्यांच्या हक्काची. म्हणून लग्न न करता एकत्र राहायचं ठरलं. दोघांनी आपापली मृत्युपत्रं केली आणि मुलांना वाचायला दिली. फ्लॅट कुणाचा हे स्पष्ट झाल्यावर संस्कृतीचा मुद्दा बराच मवाळ झाला. हसू नका, कागद आधी करा. आता वाद एकच: त्या रात्री अकराला रेडिओ लावतात, मला साडेनऊला झोप येते.

लाल डबा :
आमच्या लातूरच्या आत्याबद्दल. माहेर, सासर आणि दवाखाना एवढाच तिचा प्रवास होता. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि बाईंना पाय फुटले. आधार कार्ड कमरेच्या पिशवीत, दशम्या थैलीत. आधी औंढा नागनाथ, मग माहूर, मग ‘गाडी लागलेली दिसली’ म्हणून कुठंही. मार्च २०२३ ला बायकांचं तिकीट अर्धं झाल्यापासून माझ्या आईलाही ओढून नेते. आई कुरकुरत जाते आणि आल्यावर आठवडाभर तेच सांगत बसते.

आता आत्याला गणपतीपुळ्याला जायचंय. देवापेक्षा समुद्रासाठी, असं तिनंच सांगितलं. अजून पाहिलेला नाही. लातूरहून रत्नागिरीला थेट गाडी आहे का, की कोल्हापूरला बदलावी लागेल? आणि दोघींना पुढची सीट मिळेल असं आरक्षण किती दिवस आधी करावं?