मदत हवी आहे : ‘ल्यू’ हे चिनी अक्षर सैन्याकडून प्रवासाकडे कसे वळले?

नमस्कार. चिनी भाषेत प्रवासाला ‘ल्यूशिंग’ म्हणतात. त्यातील ‘ल्यू’ या अक्षराविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. चीनच्या प्राचीन शांग राजवटीतील अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, ते ध्वजाखाली एकत्र आलेल्या माणसांच्या चित्रासारखे दिसते, आणि इ.स. १०० च्या सुमारास शू शन यांनी रचलेल्या कोशात त्याचा अर्थ ५०० सैनिकांचे पथक असा दिला आहे. ‘यी चिंग’ या भविष्यकथनाच्या प्राचीन चिनी ग्रंथातील सहा रेषांच्या ५६ व्या आकृतीचे नावही हेच असून तेथे मात्र तो परक्या मुलखातील वाटसरू आहे, आणि पथकापासून एकट्या पांथस्थापर्यंतचे हे अंतर मला फार विलक्षण वाटते. घरापासून दूर तळ ठोकणाऱ्या सैनिकांवरून हा अर्थ आला, की तांड्याने फिरणाऱ्या व्यापाऱ्यांवरून? शांगनंतरच्या झोउ राजवटीतील कांस्यपात्रांवरील लेखांतही हे अक्षर आढळते. त्या प्रयोगांचा कोणी अभ्यास केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.