शब्दचर्चा : ‘वेळ लागणे’, ‘उशीर होणे’ आणि ‘अभिवचन’

प्रार्थनेच्या एका बैठकीत जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले तिसरे वचन वाचले जात असताना एका वयस्क बाईंनी वाचणाऱ्याला मध्येच थांबवून विचारले, “विलंब झाला तरी वाट पाहा, असे आधी म्हटले आहे आणि लगेच पुढे विलंब होणार नाही, असेही म्हटले आहे, मग विलंब होतो की होत नाही?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण हा प्रश्न त्या बरीच वर्षे मनात बाळगून असाव्यात, असे वाटले. बैठकीत कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. प्रश्न वरवर शब्दाचा आहे, परंतु देवाच्या अभिवचनांवर भरवसा ठेवून जगणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मूळ इब्री (हिब्रू) वचनात या दोन ठिकाणी दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्याचा अर्थ रेंगाळणे, सावकाश येणे असा आहे. दुसरे क्रियापद ‘आहर’ या धातूचे असून ‘नंतर’, ‘मागून’ या अर्थाचा इब्री शब्द त्याच कुळातला आहे; म्हणजे त्याचा रोख वेळ टळून गेल्यावर येण्याकडे आहे. त्याच वचनाच्या सुरुवातीला हा दृष्टान्त ‘मोएद’साठी, म्हणजे नेमलेल्या समयासाठी आहे, असे सांगितलेले आहे. तिन्ही शब्द एकत्र वाचले की विसंगती उरत नाही. समय नेमलेला आहे, तिथवर पोहोचायला वेळ लागेल, पण तो समय चुकणार नाही.

मराठीला हा भेद नवा नाही. आपण ‘वेळ लागला’ आणि ‘उशीर झाला’ ही दोन वाक्ये रोज बोलतो आणि त्यांची गल्लत करीत नाही. मूल जन्माला यायला नऊ महिने लागतात, त्याला कोणी उशीर म्हणत नाही. बियाणे पेरल्यावर दुसऱ्या दिवशी कणीस दिसले नाही, तर शेताला उशीर झाला असे कोणी म्हणत नाही. वेळ लागणे हा कामाचा स्वभाव आहे आणि उशीर होणे ही ठरलेल्या वेळेशी झालेली चूक आहे. घोटाळा ‘विलंब’ या शब्दाने होतो, कारण तो दोन्ही अर्थ पोटात घेतो. संगीतातला ‘विलंबित’ शब्द मात्र पहिल्याच अर्थाचा राहिला आहे. विलंबित लयीत सम कितीही लांबवर वाटली, तरी ती आपल्या मात्रेवरच येते, आणि गायकाला उशीर झाला असे कोणी समजत नाही. त्या बाईंना मी पुढच्या भेटीत एवढेच सांगितले, की पहिल्या जागी ‘वेळ लागला तरी’ आणि दुसऱ्या जागी ‘उशीर होणार नाही’ असे वाचून पाहा. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि पवित्र शास्त्राच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतले.

‘मोएद’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. मराठी पवित्र शास्त्रात ज्याला ‘दर्शनमंडप’ म्हटले आहे, त्याच्या इब्री नावात हाच शब्द आहे. देव आणि मोशे यांच्या भेटीची जागा तीही ‘मोएद’ची, आणि लेवीयच्या तेविसाव्या अध्यायातले नेमलेले सण हेही ‘मोएद’च. म्हणजे या शब्दात निव्वळ तारीख नाही, भेट आहे. ‘नेमलेला समय’ हे भाषांतर बरोबरच आहे, तरी वाचताना ‘भेटीची ठरलेली वेळ’ असा अर्थ मनात ठेवला, तर ‘वाट पाहणे’ या आपल्या क्रियापदाशी तो फार चांगला जुळतो. वाट पाहणारा घड्याळाकडे नव्हे, तर वाटेकडे पाहत असतो, आणि वाटेकडे पाहायचे तर कोणीतरी येणार आहे हे धरूनच पाहावे लागते. मला ‘प्रतीक्षा’ या शब्दापेक्षा ‘वाट पाहणे’ अधिक जवळचे वाटते ते याचसाठी. १३० व्या स्तोत्रात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात ती उपमा लागोपाठ दोनदा आली आहे. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही, पण ती येईल की नाही अशी शंकाही त्याला नसते.

वाट पाहणे एकाच बाजूचे नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. यशयाच्या तिसाव्या अध्यायातल्या अठराव्या वचनात, परमेश्वर तुमच्यावर कृपा करण्यासाठी वाट पाहतो आणि त्याची वाट पाहणारे धन्य, असा भाव आहे. आणि इब्रीत देवासाठी आणि माणसांसाठी वापरलेले क्रियापद एकच आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही प्रभू आपल्या अभिवचनाविषयी उशीर करीत नाही, असे सांगून लगेच त्याच्या सहनशीलतेचे कारण दिलेले आहे: कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. आपल्याला जो उशीर वाटतो, तो तिकडून पाहता धीर असतो.

आता ‘अभिवचन’. जुन्या कराराच्या इब्री भाषेत ‘प्रॉमिस’ या अर्थाचा खास राखून ठेवलेला शब्दच नाही; ‘दाबार’ म्हणजे शब्द किंवा बोलणे, आणि ‘बोलला’, ‘म्हणाला’ अशी साधी क्रियापदे यांवरच काम भागते. देव बोलला, म्हणजे अभिवचन झालेच. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र ‘एपांगेलिया’ हा स्वतंत्र शब्द आहे. मराठी ख्रिस्ती बोलीत या दोन्हींच्या जोड्या आपोआप तयार झाल्या आहेत. ‘वचन’ म्हणजे देवाचा शब्द, ‘वचन’ म्हणजे शास्त्रातला एखादा क्रमांक असलेला उतारा, आणि ‘वचन देणे’ म्हणजे शब्द देणे. ही सगळी छटा ‘दाबार’सारखीच सैल आणि भरलेली आहे. ‘अभिवचन’ या शब्दाने ती आवळली जाते, ‘एपांगेलिया’सारखी. दोन्ही शब्द हवेत, पण त्यांची सरमिसळ झाली की एक अडचण उभी राहते. शास्त्रातले प्रत्येक वचन हे वाचणाऱ्याला दिलेले अभिवचन नसते. “मला आज हे वचन मिळाले” असे आपण सहज म्हणतो, आणि त्यात काही गैर नाही. देव वाचता वाचता बोलतो हा आपला अनुभव आहे. परंतु मिळालेले वचन मूळ कोणाला, कशाबद्दल आणि किती काळासाठी दिले होते, हे न पाहता त्याला अभिवचन म्हटले, की पुढे ते ‘पुरे झाले नाही’ याचे दुःख देवाच्या नावावर जमा होते.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन याचे ठळक उदाहरण आहे. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत आणि तो भावी काळ व आशा देणार आहे, हे आपण भेटकार्डांवर वाचतो. तो उतारा बाबेलात (बॅबिलोनमध्ये) हद्दपार झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातला आहे. आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितलेली आहे, आणि पत्राच्या सुरुवातीला, तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, असे स्पष्ट म्हटले आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. यहूदाचा राजा यहोयाखीन याच्यासोबतची हद्दपारी इसवी सनापूर्वी ५९७ मधली, आणि परत जाण्याची परवानगी देणारी पारसाचा राजा कोरेश याची आज्ञा ५३८ मधली. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या शास्त्रात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. अब्राहामालाही ‘तू’ आणि मोशेलाही ‘तू’. म्हणून या वचनातला ‘तुम्ही’ आदरार्थी असूच शकत नाही, तो अनेकांना उद्देशून आहे. हे अभिवचन एका समाजाला, त्याच्या मुलानातवंडांसह दिलेले आहे. त्यामुळे ते माझ्यासाठी कमी होत नाही. मी त्या ‘तुम्ही’मध्ये कुठे उभा आहे, एवढे मला नम्रपणे शोधावे लागते.

‘वचनावर दावा करणे’ हा प्रयोग अलीकडे प्रवचनांत पुष्कळ ऐकू येतो. तो मला मराठीला आणि विश्वासाला, दोन्हींना परका वाटतो. दावा लावतात तो कोर्टात, आणि समोरचा आपले काही अडवून बसला आहे असे वाटते तेव्हा. त्यापेक्षा ‘वचनाला धरून राहणे’ हा आपला जुना प्रयोग किती तरी नेमका आहे.

या ‘धरण्या’विषयी आणखी लिहितो. मराठीत आशा धरतात, धीर धरतात. आणि मग आशा सुटते, धीर सुटतो. जणू हातात दोरी आहे. इब्रीत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात, आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो शहरात इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी नेमका हाच ‘तिक्वा’ शब्द आलेला आहे. दोन्ही अर्थांचा धातू एक की वेगळा, या वादात इथे शिरण्याची गरज नाही. कथेकडे पाहिले तरी पुरे. शहर घेतले जाईल तेव्हा तिच्या घरातल्यांना वाचवू, असा हेरांनी शब्द दिला आणि ते निघून गेले. राहाबेने दोरी बांधली. त्यानंतर हेर तीन दिवस डोंगरात लपले, मग लोकांनी यार्देन ओलांडली, वल्हांडण साजरा झाला आणि शहराला सात दिवस फेऱ्या झाल्या; तेवढा सगळा काळ ती दोरी खिडकीतून लोंबत होती आणि आतल्या माणसांकडे दिलेल्या शब्दाखेरीज काहीही नव्हते.

‘विश्वास’ आणि ‘भरवसा’ यांत फरक काय, असेही विचारले जाते. बोलताना दोन्ही अदलाबदलीने चालतात आणि चालू द्यावेत. माझ्या कानाला मात्र विश्वास माणसावर बसतो आणि भरवसा त्याच्या शब्दावर भार टाकतो. इब्रीतला विश्वासासाठीचा ‘एमुना’ हा शब्द ‘आमेन’च्याच कुळातला असून त्याच्या मुळाशी ‘स्थिर असणे’ आहे. निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड होतात, अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवून दोन बाजूंनी हात उचलून धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहतात, म्हणजे स्थिर राहतात. एकट्याच्या बळावर ते तसे राहिले नव्हते. एखाद्याचा विश्वास डळमळतो तेव्हा त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्या कोपराखाली हात द्यावा, हे मला या एका शब्दाने शिकवले.

‘देवाची वेळ’ हा शब्दप्रयोग वापरताना याच काळजीची गरज आहे. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि तो बेथानीस पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, प्रभू इथे असता तर माझा भाऊ मेला नसता; थोड्या वेळाने मरीयेने त्याच ठिकाणी येऊन तेच म्हटले. बहुधा दोघींनी ते वाक्य त्या चार दिवसांत एकमेकींशी कितीदा तरी बोलून झाले असावे. त्यांच्या दृष्टीने तो सरळ सरळ उशीर होता. येशूने त्यांना या वाक्याबद्दल दटावले नाही, तो रडला. म्हणून ‘देवाची वेळ योग्यच असते’ हे वाक्य मी स्वतःच्या वाट पाहण्याबद्दल म्हणावे, दुसऱ्याच्या ताज्या दुःखावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

ग्रीकमधील ‘क्रोनोस’ म्हणजे घड्याळाचा काळ आणि ‘कैरोस’ म्हणजे देवाची खास वेळ, हे समीकरणही वारंवार सांगितले जाते. ते सरसकट टिकत नाही. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘काळाची पूर्णता’ झाल्यावर देवाने पुत्राला पाठवले असे म्हटले आहे, आणि तिथे शब्द ‘क्रोनोस’ आहे. शब्दांवर असा ठराविक अर्थ लादण्यावर जेम्स बार या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीसच कठोर टीका केली होती. देवाची वेळ साध्या दिवसा-वर्षांतूनच येते.

देवाने संतानाचे अभिवचन दिलेल्या अब्राहामाची वर्षे मोजून पाहावीत. हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इश्माएल जन्मला तेव्हा ८६, आणि इसहाक जन्मला तेव्हा १००. उत्पत्तीचा सोळावा अध्याय ८६ वर आटोपतो आणि सतरावा ९९ वर सुरू होतो. मधल्या १३ वर्षांबद्दल एक ओळही नाही. पत्नी सारेची दासी हागार हिच्याकडून इश्माएल मिळवून वाट आखूड करण्याचा प्रयत्न झाल्यानंतरचे ते मौन आहे. पुढे एकविसाव्या अध्यायात सारेला मुलगा झाला तो देवाने सांगितलेल्या ‘मोएद’ला, म्हणजे हबक्कूकाच्या त्याच शब्दाने सांगायचे तर, भेटीच्या ठरलेल्या वेळी.

शेवटी एक भाषांतराचा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातल्या तेराव्या वचनात, हे सर्व जण अभिवचनांची फळे हाती न येता विश्वासात मेले, पण त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना अभिवादन केले, असे आहे. ‘वंदन’ म्हटले तर शब्द देवळाकडे झुकतो. मूळ क्रियापद मात्र रोजच्या भेटीतले आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल एकेका ओळखीच्या माणसाला निरोप पाठवताना तेच पुन्हा पुन्हा वापरतो, आणि आपल्या शास्त्रात तिथे ‘सलाम सांगा’ असे आहे. त्या सलामाने इब्री ११:१३ वाचून पाहिले, तर दूर वळणावर ओळखीचे माणूस दिसले आणि म्हाताऱ्याने जागेवरूनच हात वर केला, असे चित्र डोळ्यांपुढे येते. इथे ‘सलाम’ ठेवावा की ‘अभिवादन’, याबद्दल जाणकारांनी आपले मत अवश्य लिहावे.