पाच वेळा आमदार झाले, मग केलं काय?

नेरूळकर
सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट: ‘दि. बा. पाटील पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, मंत्री एकदाही नाही. मग नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव कशाबद्दल?’ तिथे बोललो तर ॲडमिन काढून टाकेल, म्हणून इथे लिहितो. काका, ज्या बाराव्या मजल्यावरून तुम्ही हे टाइप केलंत, तिथे आमचं भात पिकायचं. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ९५ गावांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. पुढे दि. बा. होते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट शेतकऱ्याला परत, हे त्यातून पदरात पडलं. शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) माणूस, विरोधी बाकावरचा. मंत्रिपद कोण देणार होतं?

वाशीवाले
आंदोलन मोठं, मान्य. पण सही शेवटी सरकारचीच लागली ना? आणि जन्म शेकापमध्ये काढून १९९९ ला शिवसेनेत गेले, ते सोयीने विसरलात. साडेबारा टक्क्यांचं तर बोलूच नका. प्लॉट विकले, स्कॉर्पिओ घेतल्या.

घणसोलीची पोर
स्कॉर्पिओ? आमच्याकडे ॲक्टिव्हा आहे, तीही हप्त्यावर. प्लॉटचा ताबा मिळाला तेव्हा आजा भिंतीवर हार घालून होता. तोवर बाबांच्या चपला त्या फाइलीमागे झिजल्या. दलालाचे वेगळे, वकिलाचे वेगळे. शेवटी बिल्डरला हिस्सा देऊन हातात दोन फ्लॅट, आणि भाऊ चार. वाटणीवरून अजून दोन काका एकमेकांच्या हळदीला जात नाहीत.

वाशीवाले
मग गावठाणात पाच-पाच मजले चढवतं कोण? आग लागली तर बंब आत वळत नाही.

घणसोलीची पोर
घरं वाढली, गावठाणाची हद्द कुणी वाढवली? खाडीत राहायचं का आम्ही? आणि त्या खोल्यांत भाड्याने राहतं कोण? तुमचा ड्रायव्हर, तुमची कामवाली.

पार्किंगग्रस्त
त्या भाडेकरूंच्या रिक्षा आमच्या गेटसमोर लागतात, त्यावर पण बोला.

नेरूळकर
धागा दि. बां.चा आहे!!

कळव्याचे आप्पा
२४ जून २०२१, विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून सिडकोवर मोर्चा. मी बेलापूरला कामाला निघालेलो, तीन तास अडकलो. शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. पण जाऊन आठ वर्षं झालेल्या माणसासाठी करोनात एवढे लोक बाहेर! हल्लीच्या आमदारांना सभेसाठी बस आणि वडापाव पुरवावा लागतो.

वाशीवाले
बरं, द्या नाव. विमान वेळेवर सुटलं म्हणजे मिळवली. पक्षांतराला मात्र कुणी हात लावला नाही.

नेरूळकर
लावतो. मलाही पटलं नव्हतं. वडील शेकापचे कट्टर, आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. २०१३ ला अंत्ययात्रेत मात्र तेच आमच्या गावातून सगळ्यांच्या आधी पोचले.

पार्किंगग्रस्त
रिक्षांचं काय?