सोयाबीन उगवतानाच पारवं खात्यात, इंग्लंडसारखी प्लास्टिकची कबुतरं मांडून बंदुकीनं मारली तर चालंल का?

मळेकरी_शिरोळ:
नमस्कार मंडळी. दोन एकर सोयाबीन हाय, वापसा (पेरणीजोगी ओल) बघून कुरीनं (पेरायच्या अवजारानं) पेरलं, एकरी ३० किलो बी गेलं. पाचव्या दिवशी कोंब वर यायला लागलं आणि तवापासनं सकाळी उजाडलं की शंभरभर पारवं उतरत्यात, मधी मधी होलं (पारव्यापेक्षा बारकी, त्याच जातकुळीची पाखरं) पण. काल बांधाकडंची एक काकरी (पेरलेली ओळ) बसून बघितली तर दोन्ही डाळी (बियाच्या दोन जाड फाकी) चिमटीनं खुडल्यासारख्या गेलेल्या, नुसती पांढरी काडी उभी, सलग वीस-बावीस रोपं तशीच. पोटात गोळा आला बघा. बुजगावणं केलं, दोन दिवस घाबरली, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातावरच बसली.
माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, तो म्हणतोय तिकडं रानात प्लास्टिकची कबुतरं मांडत्यात, खरी कबुतरं त्यांना बघून उतरली की जाळीच्या आडोशानं मारत्यात, शेतकरी स्वतःहून बोलावतो अशा लोकांना. इथं कुणी केलंय का? छऱ्याच्या बंदुकीला लायसन लागत न्हाई असं ऐकलंय.

कागलकर_नॉरफोक:
दादा, मी मूळचा कागलचा, इथं ज्यांच्या फार्मवर काम करतो त्यांच्याबरोबर बऱ्याचदा जाऊन बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो. इथला पक्षी वेगळा आहे, वुड पिजन, आपल्या पारव्यापेक्षा चांगला मोठा, अर्धा किलोच्या आसपास, मानेला पांढरा पट्टा आणि उडताना पंखावर पांढरी रेघ चमकते. हिवाळ्यात ऑइलसीड रेप (आपल्या मोहरीच्या कुळातलं पीक) पानं कुरतडून पार झाडू करून टाकतो, नंतर वाटाणा, आडवा पडलेला गहू.
लोकांना वाटतं प्लास्टिकची कबुतरं मांडली की झालं, पण खरं काम आधीचं असतं. दुर्बीण घेऊन नुसतं बघत बसायचं, पक्षी कुठल्या झाडावरनं येतात, कुठल्या कुंपणावरनं जातात, रानाच्या नेमक्या कुठल्या तुकड्यात उतरतात. ती वाट सापडली की वारा पाठीशी घेऊन जाळीचा आडोसा करायचा आणि समोर वीस-पंचवीस मीटरवर कबुतरं घोड्याच्या नालेसारखी मांडायची, नालेचं उघडं तोंड वारा जातो तिकडं. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतो, मग तो बरोबर त्या मोकळ्या जागेत येतो. माझे मालक मेलेला पक्षीसुद्धा हनुवटीखाली काडी टेकवून मांडतात, चरतोय असं दिसावं म्हणून. आणि हे सगळं लायसनच्या अटीवरच, इंग्लंडात त्याला जीएल४२ म्हणतात, पिकाचं गंभीर नुकसान थांबवायला आणि आधी हुसकवायचे बाकीचे उपाय केलेले पाहिजेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये जुनी लायसन अचानक रद्द झाली तेव्हा ऐन पेरणीत इथले शेतकरी हवालदिल झाले होते.
पण तुम्ही एक गोष्ट ध्यानात घ्या, ते प्लास्टिकचं कबुतर पक्ष्याला बोलवायला असतं. ते सांगतं की इथं चारा आहे, धोका नाही. बंदुकीशिवाय ते रानात मांडलं तर तुम्ही स्वतःच्या हातानं आवतण दिल्यासारखं होईल.

रानवाट_राधानगरी:
मळेकरी, बंदुकीचा विचार सोडा, अगदी कळकळीनं सांगतोय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ ला दुरुस्ती झाली, आता साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. छऱ्याच्या बंदुकीला लायसन लागत नसलं तरी पक्षी मारणं माफ होत नाही, ह्या दोन गोष्टी लोक गल्लत करतात. थव्यात पारव्याच्या शेजारी होला असतोच आणि होला संरक्षित आहे. कायद्यात विष घालणं, फास लावणं हे पण शिकारीतच मोजतात, त्यामुळं कुणी औषध लावलेले दाणे टाका म्हणालं तर ऐकू नका, ते दाणे मोर खातो आणि मोर शेड्यूल १ मध्ये, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.
अजून एक, वुड पिजन आपल्याकडं पण आहे, दाजीपूरच्या जंगलात, निलगिरी वुड पिजन, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी. पण तो उंच झाडावरची फळं खातो, सोयाबीनच्या रानात कधी उतरायचा नाही आणि जगात तो थोडाच उरलाय.
आणि पाखरं हुसकवायला पाइपमध्ये कार्बाइड घालून मोठा बार काढतात, ती कार्बाइडची बंदूक पण नको, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यानं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली.

मावशी_गडहिंग्लज:
बाळा, घाबरू नकोस, सोयाबीनला राखण फक्त आठ-दहा दिवसांची. त्याच्या डाळी जमिनीच्या वर येतात म्हणून पाखरं खुडतात, डाळी आणि शेंडा गेला की रोप गेलंच. हरभऱ्याचं तसं न्हाई, डाळी मातीतच राहतात, वरचा कोंब तोडला तरी खालनं फुटतो. पहिली खरी पानं पसरली की पारवा फारसा बघत न्हाई. तवर सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चारनंतर दिवेलागणीपर्यंत माणूस रानात पाहिजेच. आमच्यात गोफण आणि पत्र्याचा डबा, दगड नेमानं मारायचा न्हाई, थव्याच्या म्होरं पडला की बास. चमकी फीत पीळ घालून ताणून बांध, वाऱ्यानं घूं घूं वाजती, पण जागा रोज बदलायची, न्हाईतर तुझ्या बुजगावण्यासारखं हुईल. पुढल्या साली शेजाऱ्यांच्या बरोबरच पेर, एकटंच रान हिरवं दिसलं की सगळी तिथंच येत्यात. बी तीन-चार सेंटिमीटर खोल आणि मातीआड पाहिजे, उघडं दिसलं की पाखरू काकरी धरून चालत येतं.

मळेकरी_शिरोळ:
सगळ्यांचं लई आभार. बंदूक डोक्यातनं काढली. कागलकर दादांनी सांगितलं तसं आज पहाटे साडेपाचला विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन गप बसलो. पारवं गावच्या पाण्याच्या टाकीवरनं येत्यात, आधी मळ्यातल्या लाईटच्या तारंवर बसत्यात आणि मग विहिरीच्या अंगाला उगवण इरळ झालीया तिथंच पहिल्यांदा उतरत्यात, दुसरीकडं कुठं न्हाई. चार दिवस मी उगंच बांधाच्या टोकाला उभा राहत होतो. आज तारंवर बसल्या बसल्याच डबा वाजवला आणि पोरानं गोफण फिरवली, परत फिरली सगळी, पाऊण तासानं आली तवा निम्मीच होती. मावशी, नांग्या (रोपं गेलेल्या मोकळ्या जागा) आता भरू का अजून चार दिवस थांबू? बी त्याच जातीचं पाच किलो शिल्लक हाय.

मावशी_गडहिंग्लज:
थांबू नको, ओल हाय तवर उद्याच टोकून घे, एका जागी दोन बिया. उशीर केलास तर पहिली रोपं म्होरं जात्यात आणि मागची त्यांच्या सावलीत बसत्यात. टोकलेल्या जागंवर पायानं माती दाबायला विसरू नको.