कॉम्प्युटर लॅब व्हर्च्युअल करावी काय?

खानापूरवाला
आपल्या बेळगाव भागातल्या एका कॉलेजात बीसीएच्या लॅबची जुनी मशिनं बदलण्याऐवजी एकच दणकट सर्व्हर घ्यायचं चाललंय. पोरं ब्राउझर उघडून आपापल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आतच सॉफ्टवेअरनं बनवलेल्या कॉम्प्युटरमध्ये, शिरणार. माझा पाठिंबा आहे. लॅबच्या मशीनवर पोरांना ॲडमिनचा पासवर्ड कोण देतो? मग ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची ती फळ्यावरच. व्हर्च्युअल मशीनवर रूट, म्हणजे ॲडमिनचा पूर्ण अधिकार, बिनधास्त देता येतो. एखाद्यानं अख्खी सिस्टीम पुसून टाकली तरी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची आधी जपून ठेवलेली स्थिती, परत लावला की झालं. नेटवर्किंगला तर एकाच पोराला तीन मशिनं जोडून मधल्याचा राउटर करायला लावता येतं.

उद्यमबागकर
30 पोरांची बॅच, प्रत्येकी तीन मशिनं, मशीनला 1 जीबी धरा. 90 जीबी रॅम पोरांनाच गेली. तो सर्व्हर बसला की सगळी बॅच बसली! जुन्या लॅबात दोन मशिनं बिघडली तर पोरं जोडीनं बसतात, प्रॅक्टिकल होतंय. आणि आमच्याकडे नोकरीला येणाऱ्यांना नेटवर्क केबलच्या टोकाला आरजे-45 कनेक्टर क्रिंप करता (दाबून बसवता) येत नाही. कारखान्यात नेटवर्क बंद पडलं की स्नॅपशॉट नसतो हो, केबल हुडकावी लागते.

जांबोटीची
यातनं पुढं 'घरून करा' निघणार, लिहून ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की रेंजही जाते. घरी लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. त्यावर कंट्रोल-सी कुठनं दाबायचं? पोरींना 2023 पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत सरकारी बसला तिकीट नाही. म्हणजे कॉलेजला येणं फुकट, डेटा विकत. लॅबच उशिरापर्यंत उघडी ठेवा की.

खानापूरवाला
घरून करा असं मी म्हटलंच नाही. सर्व्हर कॉलेजातच, लॅनवर, म्हणजे कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर. बाहेरचं नेट गेलं तरी चालतंय. जुनी मशिनं नुसती पडद्यापुरती, 4 जीबीचीसुद्धा भागतात. क्रिंपिंगचं प्रॅक्टिकल वेगळं ठेवा, त्याला कोण नको म्हणतंय?

जर्नलवाले सर
संस्थाचालकांना 'व्हर्च्युअल' म्हटलं की 'लॅब असिस्टंटचा पगार वाचला' एवढंच ऐकू येतं, खरी भीती ती आहे. मराठी शाळेतनं आलेलं पोर इंग्रजी एरर बघून गप्प बसतं. कन्नडमध्ये विचारायची अडचण, इंग्रजीत विचारायची लाज. मागनं जाऊन 'काय अडलंय रे?' विचारणारं माणूस लागतंच. काहीजण तर आयआयटी दिल्लीच्या पुढाकारानं चालणाऱ्या केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'ची लिंक पाठवून मोकळे होतात. तिथलं सॉर्टिंग छान आहे, आकड्यांची अदलाबदल डोळ्यांनी दिसते. पण ते सिम्युलेशन. सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथं हात घातल्यावर येणारा एरर) आल्यावर आपलाच चुकलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, शोधायची सवय तिथं लागत नाही. सर्व्हर घ्या, पण असिस्टंटची जागा भरा, मग बोला.

खानापूरवाला
सर, जागा भरायचं मान्य. पण ती भरेपर्यंत पोरांनी ऑपरेटिंग सिस्टीम पाठच करायची काय?

उद्यमबागकर
ते राहू दे. कोटेशनमध्ये यूपीएस किती वेळाचा धरलाय?

खानापूरवाला
एक तासाचा.

उद्यमबागकर
आणि प्रॅक्टिकल परीक्षा तीन तासांची. बोला!